अजाईल टीममध्ये नवीन आहात? बोर्डावर कार्ड सरकवण्यापलीकडे काय काय करायचं असतं

आपल्या जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेरकडची बरीच पोरं-पोरी आता एमसीए नाहीतर इंजिनिअरिंग करून इथल्याच छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागतात, किंवा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं जातं की आपल्याकडे अजाईल आहे (म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, दाखवत आणि बदलत जायची पद्धत), मग जिराची नाहीतर ट्रेलोची, म्हणजे कामांची कार्डं ठेवायच्या अ‍ॅपची, लिंक येते, तीन कॉलम दिसतात, करायचंय, चालूय, झालं, आणि सगळ्यांना वाटतं की कार्ड डावीकडून उजवीकडे नेत राहिलं की झालं अजाईल. तसं नाहीये. कार्डांची यादी ही फक्त आठवण ठेवायची सोय आहे, ती वहीतही चालते. खरं काम त्या यादीच्या बाहेर असतं आणि ते कोणी नीट बसवून सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

मी जळगावात एका छोट्या टीममध्ये काम करते. आमचं मोठं काम होतं एका जिनिंगसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर, म्हणजे काट्यावरचं वजन, ओलावा, भाव, पावती, शेतकऱ्याचं पेमेंट. आखाजीनंतर सुरू केलं आणि दसरा-दिवाळीला सीझन सुरू व्हायच्या आत काट्यावर चालू व्हायला हवं होतं. खालची उदाहरणं बहुतेक त्यातलीच आहेत.

सुरुवातीला थोडा इतिहास, कारण त्याने बरेच गैरसमज जातात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाईल मॅनिफेस्टो, म्हणजे जाहीरनामा, लिहिला. त्यात ४ मूल्यं आहेत आणि सोबत १२ तत्त्वं. पहिलंच मूल्य असं की प्रोसेस आणि टूलपेक्षा माणसं आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं जास्त मोलाचं. बाकीची तीन म्हणजे भरमसाठ कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकासोबत मिळून काम, आणि ठरलेला प्लॅन रेटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. तिथेच हेही स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहे, त्यामुळे "आम्ही अजाईल आहोत, आम्ही डॉक्युमेंट लिहीत नाही" असं कोणी म्हणालं तर ते चुकीचं आहे. स्क्रम ही अजाईलमधली एक पद्धत. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी ती १९९५ मध्ये जाहीरपणे मांडली, तिची अधिकृत गाईड २०१० मध्ये आली आणि आत्ताची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची आहे. फुकट मिळते, जेमतेम चौदा पानांची आहे, एका संध्याकाळी वाचून होते. वाचाच. कारण ऑफिसात "स्क्रममध्ये असं असतं" म्हणून जे सांगतात त्यातलं बरंच, स्टोरी पॉइंटसुद्धा (काम किती मोठं याचा आकडा), त्या गाईडमध्ये नाहीच.

मला स्वतःला ही गोष्ट कपाशीवरून समजली. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात, सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठेक पतंग सापडले की फवारणी करायची, कॅलेंडर बघून नाही. अजाईलमधला स्प्रिंट (कामाचा ठरलेला छोटा काळ), रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं), रेट्रो (काम कसं केलं ते बघणं) हे सगळे असे सापळे आहेत, आत काय सापडलं ते बघायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. नुसते सापळे टांगले आणि बघितलेच नाहीत तर उपयोग काय.

काय काय लागेल

- स्क्रम गाईडची प्रत, मोबाईलमध्ये चालेल
- जे बनवताय ते वापरणाऱ्या निदान एका माणसाचा नंबर, आणि त्याला फोन करायची परवानगी
- एक बोर्ड: जिरा, ट्रेलो, नाहीतर भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, कशानेही भागतं
- गिटचा (टीमचा कोड ठेवायच्या सोयीचा) अ‍ॅक्सेस आणि टेस्ट सर्व्हर, जिथे काम रोजच्या रोज टाकून बघता येईल
- "झालं" कशाला म्हणायचं हे लिहिलेला एक कागद (खाली चौथ्या टप्प्यात आहे)
- वही. मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडा ठेवून ऐकलं जात नाही

१. आधी वापरणाऱ्याला काम करताना बघा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आणि सगळ्यात जास्त टाळला जातो तोही हाच. आपल्याला रिक्वायरमेंट येते ती तिसऱ्या-चौथ्या तोंडून, मालक सेल्सवाल्याला सांगतो, सेल्सवाला मॅनेजरला आणि मॅनेजर कार्डवर दोन ओळी लिहितो.

आमच्या कार्डवर होतं "गाडीचं वजन घेऊन पावती छापणे". सोपं वाटतं ना? मग आम्ही काट्यावर जाऊन उभे राहिलो, सीझन नव्हता पण सरकीच्या गाड्या काट्यावर येत होत्या आणि मुनीमकाकांनी कापसाच्या दिवसातलं सगळं सांगितलं. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन होतं, मग ती आत खाली व्हायला जाते आणि रिकामी होऊन परत काट्यावर येते. मधल्या वेळात दुसऱ्या गाड्या येऊन वजन करून जातात. म्हणजे एका पावतीची एन्ट्री अर्धवट उघडी राहणार आणि अशा पाच-दहा एकदम उघड्या असणार. वर कधी एकाच ट्रॉलीत दोन भावांचा कापूस, मधे ताडपत्री, आणि पावत्या दोन पाहिजेत. एका गावात एकाच नावाचे चार पाटील. हे कोणत्याच कार्डवर आलं नसतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात मॅनेजरला विचारा, हे कोण वापरणार आहे आणि मी त्याच्याजवळ अर्धा दिवस बसू शकते का. घरून काम करत असाल तर व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगा. बघताना मधे बोलू नका, सल्ला देऊ नका, त्याने कुठे थांबून विचार केला, कुठे कागदावर काही खरडलं ते टिपून घ्या. कागदावर खरडलेलं जे असतं ना, तिथे तुमचं सॉफ्टवेअर कमी पडतंय असं समजा.

२. स्प्रिंटचा गोल एका वाक्यात मागा

स्प्रिंट म्हणजे ठरलेला छोटा काळ, जास्तीत जास्त एक महिना, बहुतेक ठिकाणी दोन आठवडे. प्लॅनिंगमध्ये बऱ्याच टीम काय करतात, बॅकलॉगमधली, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतली, वरची पंधरा कार्डं उचलतात आणि म्हणतात हा आपला स्प्रिंट. पण ती पंधरा कार्डं मिळून काय होणार आहे ते कोणाला सांगता येत नाही.

गोल असा पाहिजे: "या स्प्रिंटच्या शेवटी मुनीमकाका एका गाडीची भरलेली आणि रिकामी दोन्ही वजनं घेऊन पावती छापू शकतील." असं वाक्य असलं की मधेच काही अडलं तर काय सोडायचं ते कळतं. पावतीवर मिलचा लोगो नाही आला तरी चालेल, पण दुसरं वजन नाही आलं तर गोल गेला. गोल नसेल तर सगळी कार्डं सारखीच महत्त्वाची वाटतात आणि माणूस जे सोपं ते आधी करतो.

३. काम छोटं करा, पण वरपासून खालपर्यंत

नवीन लोक आणि बरेच जुने लोकही काम असं तोडतात: एक कार्ड डेटाबेसचं, एक बॅकएंडचं, एक स्क्रीनचं, एक टेस्टिंगचं. मग पहिला स्प्रिंट नुसता डेटाबेस. दाखवायला काय? टेबलं. मुनीमकाकांना टेबलं दाखवून काय कळणार.

त्याऐवजी अगदी बारीक पण पूर्ण काम घ्या. एक शेतकरी, एक गाडी, भाव हाताने टाकलेला, ओलाव्याची कपात नाही, पण वजन टाकलं की पावती खरंच छापून येते. त्यात डेटाबेस, स्क्रीन, प्रिंटर सगळं थोडं थोडं येतं. पुढच्या वेळी ओलावा, मग एका ट्रॉलीत दोन शेतकरी. याचा मोठा फायदा म्हणजे प्रिंटर त्या मिलच्या कॉम्प्युटरवर चालतो की नाही हे पहिल्या स्प्रिंटलाच कळतं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाही.

४. "झालं" म्हणजे काय ते लिहून काढा

"झालंय, फक्त टेस्टिंग बाकी आहे." "झालंय, माझ्या मशीनवर चालतंय." ही वाक्यं तुम्ही ऐकाल. याचा अर्थ झालेलं नाही. स्क्रममध्ये याला डेफिनिशन ऑफ डन म्हणतात आणि ती पूर्ण टीमची एकच असते, प्रत्येकाची वेगळी नाही. आमची साधारण अशी होती: कोड दुसऱ्या कोणीतरी वाचलाय, टेस्ट लिहिल्यात आणि पास आहेत, टेस्ट सर्व्हरवर टाकलंय, मराठी टायपिंगमध्ये नावं नीट दिसतात, लाईट जाऊन परत आली तर अर्धी एन्ट्री शाबूत राहते. हे शेवटचं आपल्याकडे हवंच.

प्रत्येक कार्डच्या स्वतःच्या अटी वेगळ्या, त्या कामागणिक बदलतात. ओलाव्याचं उदाहरण घ्या. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, हमीभावाने कापूस घेताना ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देते, त्याच्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि १२ च्या पुढे माल घेत नाही. खाजगी व्यापाऱ्याचे नियम त्याचे त्याचे असतात. तर "ओलाव्याप्रमाणे भाव काढणे" एवढं कार्ड अपुरं आहे. बरोब्बर ८ ला काय, ८.४ ला काय, बरोब्बर १२ ला काय, १२.१ ला काय, हे चार प्रश्न विचारा, उत्तरं कार्डवर लिहा, तीच तुमची टेस्ट. असे प्रश्न विचारायला सिनिअर असावं लागत नाही, आणि नव्या माणसाने टीमला देण्यासारखी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

५. अंदाज द्या, वचन समजू नका

स्टोरी पॉइंट म्हणजे तास नाहीत, एक काम दुसऱ्याच्या मानाने किती मोठं याचा अंदाज. प्लॅनिंग पोकरमध्ये, म्हणजे आकड्यांच्या पत्त्यांनी अंदाज करताना, सगळे एकदम पत्ते दाखवतात, ते यासाठी की सिनिअरचा आकडा ऐकून बाकीच्यांनी तोच सांगू नये. तुम्ही ८ दाखवला आणि बाकीच्यांनी ३, तर लगेच घाबरून ३ करू नका, तुम्हाला काय दिसलं ते सांगा, कदाचित त्यांना ते दिसलेलं नसेल.

धोका: दोन टीमच्या पॉइंटची तुलना, किंवा "मागच्या वेळी ३० केले, आता ४० करा". मग लोक त्याच कामाला जास्त पॉइंट लावायला लागतात, आकडा वाढतो आणि काम तेवढंच राहतं.

६. स्टँडअप साहेबांना हजेरी द्यायला नसतो

स्टँडअप म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग. पंधरा मिनिटं, रोज त्याच वेळी, त्याच जागी. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न सगळीकडे चालतात पण २०२० च्या गाईडमधून ते काढून टाकलेत, गाईडमधले ठरावीक नियम कमी करायचे म्हणून. मुद्दा एवढाच आहे की स्प्रिंटच्या गोलकडे आपण चाललोय का आणि आज काय बदलायला पाहिजे.

म्हणून बोलताना मॅनेजरकडे बघून बोलू नका, टीमकडे बघून बोला. "काल मी जिरा ४२ वर काम केलं, आजही तेच" याने कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी "प्रिंटरवर मराठी जोडाक्षरं तुटतायत, दुपारपर्यंत नाही जमलं तर मला कोणीतरी सोबत बसायला लागेल". मग जो बसणार तो म्हणतो मी बसतो, आणि पुढची चर्चा स्टँडअप संपल्यावर दोघांत.

आपल्याकडे अडचण सांगायला लाज वाटते, विशेषतः नवीन असताना, वाटतं की म्हणतील याला येत नाही. पण चार दिवस गप्प राहून शुक्रवारी सांगितलेली अडचण टीमला जास्त महागात पडते. अडकलात तर त्याच दिवशी सांगा.

७. एका वेळी हातात थोडंच घ्या

हे कानबानमधून, म्हणजे चालू कामांची संख्या मर्यादित ठेवणाऱ्या दुसऱ्या एका पद्धतीतून, आलंय, पण स्क्रम करणाऱ्यांनाही लागू आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे, त्याचं साधं गणित असं: एका कामाला सरासरी लागणारा वेळ म्हणजे एकदम चालू असलेली कामं भागिले दर आठवड्याला संपणारी कामं. टीमची १२ कार्डं एकदम चालू आहेत आणि आठवड्याला ३ संपतात, तर एक कार्ड संपायला सरासरी ४ आठवडे. वेग तोच ठेवून चालू कार्डं ६ वर आणली तर २ आठवडे. कोणी जास्त वेळ बसलं नाही, कोणी पळालं नाही, तरी काम लवकर बाहेर पडलं.

त्यामुळे तुमचा कोड दुसऱ्या कोणी वाचायचा राहिला म्हणून काम अडकलं तर लगेच नवीन कार्ड उचलू नका. आधी बघा दुसऱ्या कोणाचं काम संपवायला हात लावता येतो का, कोणाचा कोड वाचायचा राहिलाय का. हे सुरुवातीला फार अवघड जातं कारण रिकामं बसलोय असं वाटतं, आणि काही मॅनेजरनाही तसंच वाटतं.

८. तांत्रिक सवयी, ज्यांच्याशिवाय बाकी सगळं पोकळ

बदलाला प्रतिसाद द्यायचा म्हणता, पण एक ओळ बदलली की तीन जागी मोडत असेल तर प्रतिसाद देणार कसा? मला हे फार कळकळीने सांगायचंय, कारण मीटिंगा सगळ्या होतात आणि इथेच काटकसर होते. केंट बेक यांनी नव्वदच्या दशकात क्रायस्लर कंपनीच्या पगाराच्या प्रोजेक्टवर एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग उभं केलं, त्यातल्या सवयी आजही लागतात: आपोआप चालणाऱ्या टेस्ट, दिवसातून निदान एकदा आपला कोड मुख्य कोडमध्ये मिसळणं, दोघांनी एकत्र बसून लिहिणं, जुना कोड वेळच्या वेळी साफ करणं. नवीन असाल तर दोन गोष्टींपासून सुरुवात करा. छोटे कमिट करा (म्हणजे गिटमध्ये कोडचे छोटे छोटे बदल टाकत जा), आणि जो बग सापडेल त्याची टेस्ट आधी लिहा, मग बग दुरुस्त करा. परवानगी मागायची गरज नाही, हा कामाचाच भाग आहे.

९. रिव्ह्यूमध्ये माऊस वापरणाऱ्याच्या हातात द्या

बऱ्याच ठिकाणी रिव्ह्यू म्हणजे पीपीटी, नाहीतर डेव्हलपर स्वतः क्लिक करून दाखवतो आणि सगळे "छान छान" म्हणतात. डेव्हलपरला कुठे क्लिक करायचं नाही ते माहीत असतं, त्यामुळे त्यातून काही कळत नाही.

मुनीमकाकांना खुर्चीत बसवा, सांगा काका ही गाडी आली समजा, करा पावती, आणि गप्प राहा. आमच्या एका रिव्ह्यूत त्यांनी भावांच्या चार्टचा सुंदर स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "हाई आमना काय कामनं?" त्यांना पाहिजे होतं की गाडी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की उघडी एन्ट्री समोर यावी, माऊस नको, नुसता कीबोर्ड, कारण मागे गाड्यांची रांग असते. चार्टचं पुढचं काम आम्ही तिथेच थांबवलं आणि पुढच्या स्प्रिंटला हे घेतलं. मॅनिफेस्टोतल्या बारा तत्त्वांपैकी एक आहे की बदलत्या गरजांचं स्वागत करा, अगदी उशिरा आल्या तरी. ऐकायला सोपं आहे, स्वतः मेहनतीने बनवलेला स्क्रीन बाजूला ठेवताना जीवावर येतं. पण तो राग काकांवर काढू नका, त्यांनी तुमचे पुढचे दोन आठवडे वाचवलेले असतात.

१०. रेट्रोमध्ये एकच गोष्ट ठरवा, पण ती करा

स्प्रिंट संपल्यावर टीम बसते आणि आपण काम कसं केलं ते बघते. आपल्याकडे अडचण अशी की खोलीत सर, भाऊ, दादा बसलेले असतात आणि मोठ्यांसमोर लहान बोलत नाहीत. मोकळेपणाने बोला म्हणून सांगितल्याने कोणी मोकळं होत नाही. उपाय साधा आहे: पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठीवर लिहायचं, नाव न टाकता, मग चिठ्ठ्या एकत्र करून वाचायच्या, आणि सगळ्यात मोठ्या माणसाने शेवटी बोलायचं. माणसाबद्दल नाही, कामाच्या पद्धतीबद्दल लिहायचं.

मग दहा सुधारणांची यादी करू नका. एक निवडा, ती पुढच्या स्प्रिंटमध्ये बाकीच्या कामासारखी टाका, कोण करणार त्याचं नाव घाला. पुढच्या रेट्रोची सुरुवात तिथूनच, केली का, फरक पडला का.

कंपनीत नुसतं नावालाच अजाईल असेल तर

असेल, बऱ्याच ठिकाणी असतं. तारीख आधीच ठरलेली, काम आधीच ठरलेलं, आणि वरून रोज स्टँडअप. नवीन माणसाने तिथे भांडण काढून उपयोग नाही, आणि गाईड दाखवून "हे चुकतंय" म्हणूनही नाही. तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं करा: तुमचं कार्ड छोटं करा, त्याच्या अटी विचारून घ्या, शक्य तितक्या लवकर कोणाला तरी दाखवा. एका माणसाचं काम परत परत उलटून येत नाही हे दिसलं की बाजूचा विचारतो, तू काय करतेस वेगळं.

पुढच्या प्लॅनिंगला जाताना वहीत हे प्रश्न लिहून न्या. हे काम कोण वापरणार आणि आपल्यापैकी कोणी त्याला भेटलंय का? स्प्रिंटच्या शेवटी त्याला आज जमत नाही असं काय जमेल? वेळ कमी पडला तर यातलं काय सोडायचं? आणि तयार झालेलं वापरून बघायला कोण येणार, कोणत्या दिवशी? शेवटच्या प्रश्नाला "बघू नंतर" असं उत्तर आलं तर तिथेच फोन लावायला सांगा, नाव आणि तारीख बोर्डावर सगळ्यात वर लिहा, आणि मगच कार्डं वाटून घ्या.